नकार, संमती आणि जन्मतारीख

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सौंदड, अर्जुनी मागे पडते आणि वडसा येते. या स्टेशनाचे गाव म्हणजे देसाईगंज. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. या गावच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडले, त्यातून पुढे या देशाचा बलात्कारविषयक कायदा बदलला. कायद्याचे विद्यार्थी ‘मथुरा खटला’ म्हणून तो अभ्यासतात. स्त्रीमुक्ती चळवळ आपल्या आरंभाचा उल्लेख करताना त्याचे नाव घेते. परंतु ‘नकार’ हा शब्द ज्या साहित्याने आपले ब्रीद मानला, त्या दलित साहित्याच्या समीक्षेने या खटल्याचे निकालपत्र एक संहिता म्हणून वाचलेले माझ्या पाहण्यात नाही. ते तसे वाचले पाहिजे, असे मला वाटते. कारण त्यातील सारा वाद ‘संमती’ या एका शब्दाभोवती फिरतो, आणि संमतीचा अर्थ नीट लावल्याशिवाय आपल्या नकाराचाही अर्थ लागणार नाही.

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. मथुरा ही आदिवासी मुलगी. आईबाप ती लहान असतानाच वारले. ती भावाजवळ राहत होती आणि दोघेही मजुरी करून पोट भरत होते. ज्या घरी ती कामाला जाई, त्या घरच्या नात्यातील एका तरुणाशी तिचे सूत जुळले. बहिणीला पळवून नेले अशी तक्रार भावाने दिली, तेव्हा सर्वांना ठाण्यात आणण्यात आले. जबान्या झाल्या. रात्री साडेदहाच्या सुमारास हेड कॉन्स्टेबल घरी जायला निघाला. जाता जाता त्याने मुलीच्या जन्मतारखेच्या नोंदीची नक्कल आणायला सांगितली. त्यानंतर, मुलीच्या जबानीप्रमाणे, बाकीच्यांना बाहेर काढून तिला ठाण्यात थांबवून घेण्यात आले. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला व दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली. दुसऱ्या दिवशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान असावे, असे नमूद केले.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही शिपायांना सोडले. न्यायाधीशांनी मुलीला खोटारडी ठरविले, तिला शरीरसंबंधाची सवय होती असे म्हटले, आणि ती १६ वर्षांखालील असल्याचा समाधानकारक पुरावा नाही असाही निष्कर्ष काढला. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीपोटी आलेली हतबल शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे सांगून खंडपीठाने एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकालही रद्द केला आणि दोघे निर्दोष सुटले. कायद्याच्या पुस्तकात या खटल्याचे नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे. त्यात मुलीचे नाव नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र वाचकाच्या नजरेने वाचले की त्याची रीत ध्यानात येते. ते मुलीच्या शरीराला प्रश्न विचारते: अंगावर झटापटीच्या खुणा का नाहीत? खुणा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही. ते तिच्या आवाजाला प्रश्न विचारते: बाहेर आपली माणसे उभी असताना ती ओरडली का नाही? ओरडली नाही म्हणजे तिची ना नव्हती. आणि ते तिच्या भीतीला प्रश्न विचारते: ही भीती मरणाची किंवा इजेची होती असे कोठे दिसते? तसे दिसत नाही, म्हणून तिला भीतीच नव्हती. ठाणे कोणाचे होते, रात्र किती झाली होती, दार कोणी लावले होते आणि मुलगी कोण होती, हे चार प्रश्न या वाचनात येतच नाहीत. साहित्याच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने स्थळ, काळ आणि पात्र सोडून कथेचा अर्थ लावला, तर आम्ही त्याला गुण देत नाही.

या वाचनाला पहिले जाहीर उत्तर दिले ते कायद्याच्याच चार अध्यापकांनी. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत फरक आहे, हा त्यांच्या पत्राचा गाभा. पोलीस ठाण्यात रात्री अडकलेल्या गरीब मजूर मुलीने आरडाओरडा करून पोलिसांना रोखावे, ही अपेक्षा कोणत्या जगात शक्य आहे, असे त्यांनी विचारले. १९८० साली ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. पुनर्विचाराची मागणी न्यायालयाने मानली नाही. पण १९८३ साली संसदेने कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असा नियम झाला. पीडितेचे नाव छापण्यास बंदी आली. जिच्यामुळे ही बंदी आली, तिचे नाव मात्र तोवर सर्वतोमुखी झाले होते; आणि नव्या कायद्याचा तिला स्वतःला काडीचाही उपयोग नव्हता.

येथपर्यंतची कथा चळवळीतील वाचकांना ठाऊक आहे. मला थांबायचे आहे ते त्या जन्मतारखेच्या नकलेपाशी. त्या काळच्या कायद्याप्रमाणे मुलगी १६ वर्षांखालील असेल, तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ती ओरडली की गप्प राहिली, अंगावर खुणा होत्या की नव्हत्या, हे सारे गैरलागू ठरले असते. म्हणजे तीन न्यायालये आणि सहा वर्षे ज्या संमतीवर खल झाला, तो खल एका कागदाने मिटला असता. तो कागद नव्हता. मजुरी करणाऱ्या पोरक्या आदिवासी मुलीजवळ तो कोठून असणार? डॉक्टरांनी १४ ते १६ म्हटले. या अंदाजाचा फायदा मुलीला मिळाला नाही. तिचे बालपण सिद्ध झाले नाही, म्हणून ती बाई ठरली. आणि बाई ठरताच तिच्या चारित्र्याची तपासणी सुरू झाली.

आपल्या समाजात हे नवीन नाही. ‘संमतिवय’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला तो १८९१ च्या कायद्याच्या वेळी. बंगालमध्ये फुलमणी नावाच्या कोवळ्या मुलीचा नवऱ्याच्या बळजोरीने मृत्यू झाला होता. संमतीचे वय दहावरून बारा करावे एवढीच मागणी होती, आणि टिळकांसह धर्माभिमान्यांनी तिला कडाडून विरोध केला. त्या साऱ्या वादात धर्म, परंपरा आणि परकीय सरकार यांबद्दल मोठमोठे लेख लिहिले गेले. मुलीला काय होते, हे कोणी विचारले असेल तर फार थोड्यांनी. वरच्या जातींत शास्त्राने मुलीचे बालपण नाकारले. आपल्याकडे ते दारिद्र्याने, मजुरीने आणि रूढीने नाकारले. पोर सहा वर्षांची झाली की धाकट्या भावंडाला कडेवर घेते आणि त्या दिवसापासून घर तिला लहान समजत नाही.

आता आपल्या साहित्याकडे वळू. ज्या वर्षी देसाईगंजची घटना घडली, त्याच १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधने’त राजा ढाले यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा व दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा एकमेकींशेजारी ठेवून प्रस्थापित समाजाला जाब विचारला. दलित स्त्रीच्या देहावरील अत्याचार हा जातिव्यवस्थेचा अत्याचार आहे, हे मराठी साहित्याला या पिढीने शिकविले. हे ऋण मोठे आहे व ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

परंतु या काळात आपल्या समीक्षेने जे निकष घडविले, त्यांचा एक दोष आज उघड दिसतो. वेदना, विद्रोह आणि नकार ही आपली त्रयी. पैकी वेदना सर्वांना येते. पण आपण मान दिला तो विद्रोहात परिणत झालेल्या वेदनेला, उच्चारलेल्या नकाराला. जो ओरडला तो आपला कवी. ज्याने वरच्या वर्णाकडे बोट दाखविले त्याची वेदना सामाजिक. ज्याचे बोट स्वतःच्या घराकडे वळले त्याची वेदना खासगी. मग मला प्रश्न पडतो की, जी ओरडली नाही तिचे काय? सर्वोच्च न्यायालयाने आवाज मागितला, आणि आपल्या समीक्षेनेही आवाजच मागितला. दोघांचे हेतू अगदी विरुद्ध होते, हे मी जाणते. तरी ओरडू न शकणाऱ्या मुलीला दोन्ही ठिकाणी सारखेच रिकाम्या हाताने परतावे लागले.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी नऊ वर्षांची होते. तो माणूस परका नव्हता, सवर्णही नव्हता. आमच्याच वस्तीतला होता, जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणारा, मला ‘बाई’ म्हणून हाक मारणारा आणि माझ्या बाबांशेजारी बसून चहा घेणारा होता. दोन वर्षे ते चालले. मी एकदाही ओरडले नाही. ओरडायला शब्द लागतो, आणि शरीराच्या त्या भागांना शिवीखेरीज दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता. मायला सांगावे तर माय पहाटे बांधीवर जाई आणि दिवे लागल्यावर येई. पुढे मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, महाविद्यालयात शिकवू लागले. आणि मथुरेचे निकालपत्र प्रथम वाचले तेव्हा ‘ती ओरडली का नाही’ या प्रश्नाशी माझे वाचन अडले. त्याचे उत्तर मला माहीत होते. निकाल लिहिणाऱ्यांना ते माहीत नव्हते, आणि मी ज्या समीक्षेवर वाढले तिलाही नव्हते.

म्हणून आपली आत्मकथने पुन्हा वाचली पाहिजेत, आणि त्यांत जे लिहिलेले नाही तेही वाचले पाहिजे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने, सासरचा छळ, सुनेचे नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता हे सारे त्यांनी ‘आमुचं’ म्हणून लिहिले. हे लिखाण त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. नवऱ्याच्या हातचा जो मार त्यांनी स्वतः खाल्ला, तो त्यांनी पुस्तकात घातला नाही. पुढे मुलाखतीत सांगितला. एवढी निर्भय बाई ‘आम्ही’ म्हणून बोलू शकली, ‘मी’ म्हणताना थांबली. या थांबण्याचा अर्थ लावणे हे समीक्षेचे काम आहे. शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना साक्ष म्हणून वाचण्याची वाट दाखविली. त्याच वाटेने आणखी एक पाऊल टाकून मी म्हणेन की, साक्षीदार ज्या जागी गप्प होतो, ती जागाही साक्षीचाच भाग असते.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ चे. लेखकाने आपल्या नावात बापाच्या जागी आईचे नाव लावले, याची चर्चा पुष्कळ झाली. कोवळ्या मुलीच्या ‘चिऱ्या’चा सौदा होतो, आणि तो सौदा करणारे हात घरचेच असतात, ही त्या पुस्तकातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. आपण तिची नोंद ‘जमातीची रूढी’ या सदरात केली आणि पुढे गेलो. रूढी म्हटले की गुन्हेगार दिसेनासा होतो, आणि मूलही दिसेनासे होते. अल्पवयीन मुलीचे शरीर विकले जात आहे, हे वाक्य आपण साध्या शब्दांत कधी लिहिले?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. असे विषय काढले की प्रस्थापितांना आयतेच कोलीत मिळते; ‘पाहा, यांच्या वस्तीत हेच चालते’ असे म्हणायला ते टपलेले असतात. शिवाय भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आपल्यापासून किती लांब आहे? २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली आणि २००८ साली सत्र न्यायालयाने त्यात ना अॅट्रॉसिटी कायदा लावला, ना स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराचा आरोप सिद्ध मानला. अशा वेळी आपण घरातली भांडणे चव्हाट्यावर आणावीत काय?

माझे उत्तर असे की, खैरलांजीत न्यायालयाने जे पाहण्याचे नाकारले, तेच आपण आपल्या अंगणात पाहण्याचे नाकारत आहोत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब तेथे जमलेल्या हजारो स्त्रियांशी केवळ स्पृश्यांच्या अत्याचाराबद्दल बोलले नाहीत. मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे नकाराचा पहिला धडा त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत दिला होता. विरोधक काय म्हणतील या भीतीने तो धडा त्यांनी गाळला नाही. अत्याचार जातीनिहाय कमी-जास्त नसतो, हेही जाणून असावे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. फरक एवढाच की, वरच्या घरातील मुलाजवळ जन्मदाखला असतो, वकील असतो, आणि ते मूल आहे हे न्यायालयाला पटवून द्यावे लागत नाही.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ साली झाला. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संमतीची चर्चाच करायची नाही, असे त्याने ठरविले. मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यावी, पोलिसाने गणवेशात नसावे, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असे तो सांगतो. ही कलमे वाचताना देसाईगंजची रात्र आठवल्यावाचून राहत नाही. गुन्हा माहीत असून कळविला नाही, तर तोही गुन्हा होतो. तरीही वाचनाची जुनी खोड गेलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून झालेला स्पर्श या कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय दिला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि स्पर्शामागील हेतू महत्त्वाचा, असे सांगितले. १९७८ साली शरीरावर खुणा शोधल्या गेल्या, २०२१ साली कातडीचा कातडीला स्पर्श शोधला गेला. या वेळी चूक दहा महिन्यांत सुधारली, ही वाट दाखविणाऱ्यांत मथुरा पहिली आहे.

जन्मतारखेचे काय? २०१५ च्या बालन्याय कायद्यात वय ठरविण्याचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. म्हणजे आता शाळेच्या रजिस्टरातील नोंद ही मुलाची पहिली ढाल आहे. आणि ती नोंद कशी होते, हे आपल्या पिढीला सांगायला नको. माझ्या दाखल्यावर १ जुलै आहे. मायच्या हिशेबाने मी धान कापणीच्या दिवसांत जन्मले. पट भरावा आणि पोर लवकर शाळेत बसावी म्हणून गुरुजींनी चांगल्या मनाने वय वाढविले. कागदावर मी मुळात होते त्याहून मोठी झाले. माझ्या वर्गात आजही जून-जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या विद्यार्थ्यांची रांग आहे. अशा एखाद्या मुलीवर सतराव्या वर्षी प्रसंग आला, तर गुरुजींच्या त्या दोन ओळी तिला बाई ठरवतील.

म्हणून प्राथमिक शाळेतील शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे की, दाखल नोंदवहीत तारीख लिहिताना हात आखडता घ्या, आईला विचारा, ग्रामपंचायतीची नोंद पाहा. आश्रमशाळेत आणि वसतिगृहात काम करणाऱ्यांनी मुलांना शरीराच्या प्रत्येक भागाचे साधे, शिवी नसलेले नाव शिकवावे. कोणी हात लावला तर कोणाला सांगायचे ते माणूस दाखवून सांगावे. १०९८ हा मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहावा. मूल सांगू लागले की ‘तेव्हा का नाही सांगितलेस’ हा प्रश्न विचारू नये. तो देसाईगंजच्या खटल्यातला प्रश्न आहे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या व्यासपीठावर ज्या माणसाला हार घालायचा, त्याच्याविषयी वस्तीतल्या बायका काय बोलतात ते आधी ऐकावे.

आणि समीक्षकांना सांगायचे ते असे. नकार ही आपली मोठी कमाई आहे. ती मोडीत काढावी असे मी म्हणत नाही. तिची व्याप्ती वाढवावी, एवढेच म्हणते. जी मुलगी ओरडली नाही, पण त्या माणसाला पाहून वाट बदलत राहिली. जी दुपारी घरात एकटी थांबेना, शेजारणीच्या ओसरीवर जाऊन पुस्तक घेऊन बसली. तिने नकारच दिला होता. तो वाचता येत नव्हता तो आपल्याला. मी दोन वर्षे अशी वाट बदलत होते, आणि त्या ओसरीवर बसूनच मला वाचनाची सवय लागली.

या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला आत्मकथन शिकवताना मी ‘जिणं आमुचं’च्या जोडीने मथुरेच्या निकालाची हकीकत सांगितली. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी वर्ग रिकामा होईपर्यंत बसून राहिली. मी दार उघडे ठेवले आणि तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसले. ती बोलेपर्यंत मी काही विचारले नाही.